गवतावरचा डबा

लीड्सहून यॉर्क म्हणजे आगगाडीने अर्ध्या तासाच्या आतलं अंतर. एवढ्याशा प्रवासाला मी डबा घेतला होता हे ऑफिसात कळलं असतं तर सगळे हसले असते. पण घरातून निघताना पिशवीत खायचं काहीतरी नसेल तर मला चप्पल विसरल्यासारखं वाटतं. मेथीचे दोन पराठे, लसणाची कोरडी चटणी, रुमालात बांधलेला डबा. सव्वादहाला स्टेशनाबाहेर पडले. रस्ता ओलांडला की समोर गवताचा उतार, उताराच्या डोक्यावर शहराची पांढुरकी तटबंदी आणि उतारभर डॅफोडिल्स. मार्च संपत आला होता. ऊन होतं, पण इंग्लंडातलं, दिसायला लख्ख आणि अंगाला लागायला काहीच नाही. खालच्या सपाट पट्टीत झाडांखाली काही जुने दगड तिरके उभे होते. बागेत शोभेला ठेवतात तसले असतील असं धरून त्यातल्या एकाशेजारी मी बसकण मारली, खांदा टेकला, डबा मांडीवर उघडला. पहिला पराठा संपत आला तेव्हा झाकणातली चटणी कलंडली आणि दगडाच्या पायथ्याशी सांडली. चिमटीने गोळा करायला गेले तर बोटांना खाचा लागल्या. अक्षरं होती. नाव शेवाळात गेलेलं, पण आकडा लागला. १८३२.

उठून फलक शोधला. त्या वर्षी यॉर्कमध्ये कॉलरा आला, १८५ माणसं गेली, आणि त्यांना गावातल्या चर्चांच्या आवारात न पुरता तटाबाहेर इथे आणून पुरलं.

पटकीने गेलेल्या कोणाच्या तरी दगडाला टेकून मी पराठा खात होते.

कोणी पाहिलं का, हे मी आधी पाहिलं. कोणी पाहिलं नव्हतं, आणि पाहिलं असतं तरी त्यांना काही वाटलं नसतं. इंग्रज माणूस चर्चच्या अंगणात थडग्यांमध्ये बसून खुशाल सँडविच खातो. लीड्सला आमच्या ऑफिसामागेच एक तसलं अंगण आहे, दुपारी तिथे बाकं रिकामी मिळत नाहीत. मीसुद्धा तिथे बसून खाल्लेलं आहे. मग आजच हाताला कंप का सुटावा? विटाळ वगैरे मी मानत नाही. मेलेल्यांची भीती म्हणावी तर तीही नाही. पण दुसरा पराठा खाववेना. टाकवेनाही. अन्न टाकायचं नाही हे विटाळापेक्षा खोल मुरलेलं. तो तसाच रुमालात बांधला, पिशवीच्या तळाशी घातला, आणि मग दोन दिवस तो पराठा माझ्याबरोबर यॉर्क बघत फिरला.

तटावर चढायला पैसे पडत नाहीत. साडेतीन किलोमीटरच्या आसपास फेरी आहे, मध्ये मध्ये तुटलेली. वरून एका बाजूला रेल्वेचे रूळ, दुसऱ्या बाजूला लोकांच्या परसातली वाळत घातलेली कापडं, आणि कुठूनही मान वळवली की मिन्स्टरचे, म्हणजे इथल्या थोरल्या चर्चचे, मनोरे. १८००च्या सुमारास इथल्या नगरपालिकेला हा तट पाडून टाकायचा होता, लोकांनी आरडाओरडा केला म्हणून वाचला. हे वाचून मला उगाच बरं वाटलं. जुनं पाडायची हौस फक्त आपल्याच नगरपालिकांना असते असं नाही. यॉर्कचे लोक पाहुण्यांना एक ठरलेला विनोद ऐकवतात. इथे रस्त्याला 'गेट' म्हणतात, गेटला 'बार' म्हणतात आणि बारला पब. रस्त्यांच्या नावांतलं ते 'गेट' व्हायकिंग लोकांच्या भाषेतून आलेलं आहे, त्यांच्याकडे 'गाटा' म्हणजे वाट. मिकलगेट म्हणजे थोरली वाट, आणि तिच्या तोंडाशी मिकलगेट बार, म्हणजे गावाची वेस. या वेशीवर पूर्वी मुंडकी टांगत. १४६० साली यॉर्कच्या ड्यूकचं मुंडकं इथे कागदी मुकुट घालून लावलं होतं. राजा व्हायचं होतं ना, घे मुकुट. वेशीच्या आत काय ठेवायचं आणि बाहेर काय, याबद्दल या गावाचे विचार फार पक्के होते. मुंडकी वेशीवर, पटकीवाले वेशीबाहेर.

गेस्टहाउसची बाई दारात माझ्या मागे बघत होती. अजून कोणी येतंय का, म्हणून. "एकट्याच का, लव्ह?" इथे अनोळखी माणसालाही लव्ह म्हणतात, बसचा ड्रायव्हर म्हणतो, भाजीवाला म्हणतो. पहिल्या आठवड्यात मी दचकले होते, आता कोणी म्हटलं नाही तर राहून गेल्यासारखं वाटतं. एकटीच, म्हटलं. मग तिने मला माळ्यावरची खोली दिली, तिरक्या छताची, जिथे उभं राहायची एकच जागा होती. खिडकीतून कौलं आणि धुराडी. एकटीने गाव बघण्याचं सुख लोक सांगतात ते खरं आहे, कोणासाठी थांबायला नको, कोणाला भूक लागायला नको. पण एकटीने बघितलेलं मनातून उतरत नाही ही त्याची दुसरी बाजू. बरोबर नवरा असता तर थडग्याचं मी त्याला लगेच सांगितलं असतं, त्याने "चटणी वाया गेली का?" एवढंच विचारलं असतं आणि विषय संपला असता.

दुपारी शॅम्बल्स. ही गल्ली न बघता यॉर्कहून परतणं म्हणजे पंढरपूरला जाऊन नामदेवाची पायरी न बघणं. लाकडी घरं, वरचे मजले एकमेकांकडे इतके कललेले की समोरासमोरच्या खिडक्यांतून हातात हात देता यावा. एकेकाळी ही खाटकांची आळी होती. दुकानांपुढे मांस मांडायच्या लाकडी फळ्या अजून आहेत, वर लोखंडी आकडे अजून आहेत. खाटीक मात्र एकही उरला नाही. त्याच आकड्यांखाली आता फज विकतात, जादूच्या कांड्या विकतात, भुताच्या आकाराचे चिनी मातीचे ठोकळे विकतात आणि त्यासाठी लोक पावसात रांग लावतात. मी रांगेला नाकं मुरडली आणि मग भाचीसाठी कांडी घेतली. त्याच गल्लीत एका खोलीचं देऊळ केलेलं आहे, मार्गरेट क्लिथरो नावाच्या खाटिकणीचं. घरात कॅथलिक धर्मगुरू लपवल्याचा तिच्यावर आरोप होता. न्यायालयात तिने बाजू मांडायलाच नकार दिला, कारण खटला चालला असता तर तिच्या मुलांना साक्षीला उभं केलं असतं. तेव्हाच्या कायद्यात त्यावर एकच उपाय होता. २५ मार्च १५८६ रोजी तिला पाठीखाली धारदार दगड ठेवून निजवलं, अंगावर तिच्याच घराचं दार ठेवलं आणि दारावर दगड रचत गेले. देवळात एक म्हातारी जपमाळ ओढत होती. बाहेर येऊन वाचलं तर मार्गरेटचं खरं घर हे नाही, पलीकडचं कुठलंसं असावं असं आता मानतात. म्हणजे इथेही चुकीच्याच जागी हात जोडले. सकाळी हात जोडायच्या जागी पराठा खाल्ला, दुपारी भलत्याच घराला नमस्कार.

हे गाव आपल्या मेलेल्यांवर जगतं. नावं ठेवायची म्हणून नाही म्हणत, पण खरं आहे. रोमन लोकांचं एबोराकम, अँग्लो-सॅक्सनांचं ओफोरविक, व्हायकिंगांचं योरविक, एकावर एक. कुठेही फावडं मारा, कोणीतरी निघतं. १९७२ साली एका बँकेच्या इमारतीसाठी खणताना व्हायकिंग माणसाची विष्ठा निघाली, वाळून दगड झालेली, वीत सव्वावीत लांबीची. तीही जपून ठेवली आहे, काचेच्या पेटीत, खाली दिवा लावून. त्या गृहस्थाने मांस आणि पाव भरपूर खाल्ला होता आणि पोटात जंत होते, एवढं सगळं त्यावरून सांगतात. हजार वर्षांपूर्वीच्या माणसाचं नाव माहीत नाही, पोटाची तक्रार माहीत आहे. तिकीट काढून मी ती बघितली, माझ्यापुढे एका शाळेची मुलं नाकं दाबून खिदळत होती, आणि मला एकाएकी वाटलं की तटाबाहेरच्या त्या १८५ जणांचंही हेच तर आहे. त्यांच्याबद्दलही आपल्याला पोटाचंच तेवढं माहीत.

संध्याकाळी मिन्स्टरमध्ये. दिवसा आत जायला तिकीट आहे आणि ते आपल्या रुपयांत मोजायचं नसतं, पण संध्याकाळच्या प्रार्थनेला कोणीही जाऊन बसावं, कोणी अडवत नाही. मी धर्मासाठी गेले की पैसे वाचवायला, हे देवाला माहीत. गाणाऱ्या पोरांचे आवाज इतके वर जायचे की कुठे संपतात ते कळत नव्हतं. पूर्वेच्या टोकाला ती प्रचंड काचेची खिडकी, टेनिसच्या मैदानाएवढी म्हणतात. जॉन थॉर्न्टन नावाच्या कारागिराने १४०५ ते १४०८ अशी तीन वर्षं खपून ती केली आणि वेळेत पुरी केल्याच्या बक्षिसासकट त्याला ५६ पौंड मिळाले. वर जगाची उत्पत्ती, खाली जगाचा शेवट. उत्पत्तीला काही ओळी पुरल्या आहेत, शेवटाला मात्र भरपूर काच वापरली आहे. अंधार पडत आला तशी ती खिडकी रंगांवाचून राहिली. नुसत्या शिशाच्या काळ्या रेघा. शेजारची बाई माझ्याकडे बघून हसली आणि प्रार्थनेचं पुस्तक तिने माझ्यासाठी योग्य पानावर उघडून दिलं.

रात्री भुतांची फेरी असते, ती मी चुकवली नाही. उंच टोपीवाला माणूस पुढे आणि आम्ही वीस-पंचवीस जण मागे. त्यातली एकच गोष्ट मनात राहिली. मिन्स्टरच्या मागे एक जुना वाडा आहे. १९५३ साली त्याच्या तळघरात काम करणाऱ्या एका शिकाऊ प्लंबरने सांगितलं की भिंतीतून रोमन शिपाई चालत आले, दमलेले, मळलेले, आणि ते गुडघ्यापासून वरच दिसत होते. जिथे जमीन खणून जुना रोमन रस्ता उघडा केला होता तिथे आल्यावरच त्यांचे पाय दिसले. खरंखोटं सोडून द्या. पण मेलेले त्यांच्या रस्त्याने चालतात आणि आपण त्यांच्या दीड हात वरून चालतो, ही कल्पना त्या पोराला सुचली असेल तर ते पोर मोठं होतं. माळ्यावरच्या खोलीत पडल्यावर मला त्याचेच विचार. खिडकीत चॉकलेटचा वास आल्यासारखा वाटला. किटकॅट याच गावात जन्मलं, कारखाना अजून चालतो. वास खरा होता की माझ्या मनाचा, कोणास ठाऊक.

'पटकी' हा शब्द मी पहिल्यांदा शिवी म्हणून ऐकला.

कऱ्हाडपासून बारा कोसांवर आमचं गाव. आजी शेळीला म्हणायची, "पटकी भरली तुला, पुन्हा तुळस खाल्लीस?" नळ गेला की नळाला पटकी, वीज गेली की विजेला. पटकी म्हणजे काय हे मला दहाव्या-बाराव्या वर्षापर्यंत माहीतच नव्हतं. रोग गेला आणि शिवी मागे राहिली. वेशीबाहेर मरीआई होती, म्हणजे शेंदूर फासलेले तीन तांदळे, वर पत्रा. मंगळवारी, शुक्रवारी आई तिला दहीभात ठेवायची. पोतराज यायचा, उघडा, पायात घुंगरू, स्वतःच्या अंगावर कोरडा ओढणारा, आणि आम्ही दाराआड. आजी सांगायची की तिच्या लहानपणी साथ आली की मरीआईचा गाडा काढायचे. छोटा लाकडी गाडा, त्यात देवी बसवायची, हळदकुंकू, खण, नारळ, वाजतगाजत गावाच्या शिवेपर्यंत ओढत न्यायचा आणि शेजारच्या गावाच्या हद्दीत सोडून यायचं. मागे वळून बघायचं नाही. सकाळी शेजारच्या गावाला गाडा दिसायचा. ते तो उचलून पुढच्या शिवेवर. "मग शेवटच्या गावाचं काय?" असं मी विचारलं होतं. आजी म्हणाली होती, "शेवटचं गाव कुठं असतं व्हय?"

यॉर्कच्या त्या माळ्यावर हे मला लखलखीत आठवलं. १८१७ साली बंगालातून निघालेला रोग फौजांबरोबर, काफिल्यांबरोबर, गलबतांबरोबर शिवेशिवेवरून पुढे ढकलला जात, आधी विझत आणि पुन्हा भडकत, १८३१च्या शरदात इंग्लंडच्या सुंदरलंड बंदराला लागला आणि पुढच्या उन्हाळ्यात यॉर्कला. इथले लोक त्याला आशियाई कॉलरा म्हणत. आमच्याकडचा गाडा होता म्हणायचा. आणि एक गंमत, गंमत म्हणावी का नाही ते कळत नाही. युरोपी माणसांनी हा रोग सोळाव्या शतकातच गोव्यात पाहिला होता. गार्सिया द ओर्ता या वैद्याने १५६३ साली गोव्यात छापलेल्या आपल्या ग्रंथात त्याचं वर्णन केलं. पोर्तुगीजांनी नाव उचललं ते आपल्याच बायकांच्या तोंडचं. 'मोडशी'. पोट मोडलं की आपण अजून म्हणतो ना, मोडशी झाली, ओवा खा. त्या मोडशीचं पोर्तुगीजांनी 'मोर्देशीं' केलं आणि फ्रेंचांनी ते ऐकून 'मोर द शियाँ', म्हणजे कुत्र्याची मौत, असं करून टाकलं. आजीची मोडशी ओव्याने बरी व्हायची. तोच शब्द जहाजात बसला आणि कुत्र्याच्या मौतीने मेला.

रविवारी सकाळी नाश्त्याला खाली गेले तर बाई टेबलं आवरत होती. "घड्याळ पुढे केलं नाही का, लव्ह?" त्या रात्री इंग्लंडातली घड्याळं एक तास पुढे जातात, मार्चच्या शेवटच्या रविवारी. माझा फोन आपोआप पुढे गेला होता, मी मनगटातल्या घड्याळावर भरवसा ठेवला. एक तास कोणी तरी उशाखालून काढून नेला. टोस्ट गार, चहा गरम. पण घर साडेपाच तासांवरून साडेचारवर आलं, हेही खरं. एका रात्रीत भारत एक तासाने जवळ.

नदीच्या पलीकडे, स्टेशनाच्या बाजूला नॉर्थ स्ट्रीट नावाचा रस्ता आहे. तिथे कोणी सहसा जात नाही, एक मोठं हॉटेल आणि गाड्या. तिथल्या ऑल सेंट्स चर्चमध्ये सकाळची प्रार्थना आटोपून मंडळी कपबशा घेऊन उभी होती. मला बघून एकाने काही न विचारता चहा हातात दिला आणि डावीकडच्या खिडकीकडे बोट केलं. सहाशे वर्षांपूर्वीची काच आहे. जगाचे शेवटचे पंधरा दिवस, एका चौकटीत एक दिवस. खालून वर वाचायचं. पहिल्या दिवशी समुद्र वर चढतो, मग एवढा उतरतो की दिसेनासा होतो. पुढे मासे बाहेर येऊन ओरडतात, झाडं जळतात, घरं पडतात, माणसं बिळांत लपतात, मेलेल्यांची हाडं उठतात, आकाशातले तारे गळतात, आणि सगळ्यात वर नुसती आग. तळाशी पैसे देणारं कुटुंब गुडघे टेकून हे सगळं बघत बसलेलं. या गावाला शेवटाचं वेडच आहे. माझ्या हातात चहा होता आणि आत बिस्किटाचा तुकडा तुटून पडला होता, त्यामुळे मला पुरेसं गंभीर होता आलं नाही.

याच चर्चमध्ये १८१३ साली एका कोळशाच्या वखारीतल्या मजुराच्या पहिल्या मुलाचा बाप्तिस्मा झाला. जॉन स्नो. याच रस्त्यावर जन्मलेला, ऊझ नदी पुरात ज्या घरांत शिरायची त्यांतल्या एकात. चौदाव्या वर्षी न्यूकॅसलकडे वैद्याच्या हाताखाली शिकायला गेला आणि पहिली साथ आली तेव्हा अठरा-एकोणीस वर्षांचा हा पोरगा खाणीतल्या मजुरांची पटकी निस्तरत होता. पुढे लंडनमध्ये त्याने सगळ्या मोठ्या वैद्यांच्या विरुद्ध जाऊन सांगितलं की रोग घाणेरड्या हवेतून येत नाही, पाण्यातून पोटात जातो. १८५४ साली सोहोमधल्या ब्रॉड स्ट्रीटवर शेकडो माणसं गेली तेव्हा त्याने घरोघर फिरून मेलेल्यांची यादी केली, सगळ्यांनी पाणी कुठल्या हापशीचं प्यायलं ते शोधलं आणि त्या हापशीचा दांडा काढायला लावला. लोक आधीच पळून गेले होते, साथ उतरणीलाच होती, हेही त्यानेच लिहून ठेवलं. हा शेवटचा भाग मला फार आवडतो. एवढं मोठं काम केलं आणि श्रेय घेताना हात आखडला. नॉर्थ स्ट्रीटवर नदीकाठच्या छोट्या बागेत त्याच्या नावाने एक हापसा उभा केला आहे, दांडा नसलेला. मी सवयीने दांड्याच्या जागी हात घातला. आमच्या गावच्या हापशीवर आम्ही पोरं दोघं दोघं लोंबकळायचो तसा. हाताला काहीच लागलं नाही.

तिथल्याच बाकावरून आईला फोन केला. भारतात पाच वाजायला आले असतील. थडग्याचं सांगितलं. आई म्हणाली, "परक्या मुलखात बघून बसावं गं बाई." मग जरा थांबून, "तुझ्या आजीचं ओढ्याकाठचं माहीतच आहे तुला." मला माहीत नव्हतं. म्हणजे एवढं माहीत होतं की ओढ्याकाठच्या बाभळीखाली आजी कधी बसायची नाही. आम्ही तिथे हुरडा भाजायचो, दुपारची झोप काढायचो, ती मात्र उन्हात बांधावर बसायची. "तिकडं नगं मला," एवढंच. आईने आता सांगितलं की आजीचे दोन धाकटे दीर, एक पाच वर्षांचा आणि एक दीड, पटकीत एकाच दिवसात गेले होते, आजी लग्न होऊन आली त्या वर्षी. लहान पोरं म्हणून जाळली नाहीत, पुरली. बाभळीखाली. त्यांना पाणी आजीनेच पाजलं होतं शेवटचं, ओढ्याचं. दगड ठेवला होता का काही? "दगड कशाचा ठेवतायत? सतरा घरं होती तशी." मग म्हणाली, "बाभूळ आता कुठली, तोडली की. तिथं पाण्याची टाकी बांधलीय ग्रामपंचायतीनं." पाणी येतं का? "दिवसाआड येतं." मग तिने विचारलं, तुझ्याकडे किती वाजले, जेवलीस का.

पंधरा-वीस वर्षं मी त्या बाभळीखाली हुरडा खाल्लेला आहे.

परतीची गाडी पाचची होती. अर्धा तास हाताशी होता, म्हणून पुन्हा त्या गवतावर गेले. डॅफोडिल्स वाऱ्याने एका बाजूला झुकली होती. माझ्या दगडाशेजारी, माझ्या म्हणजे कालच्या, एक पोरगा आणि एक पोरगी बसली होती, विद्यार्थी असावेत, मांडीवर कागदात गरम चिप्स, व्हिनेगरचा वास माझ्यापर्यंत येत होता. त्याने पाठ पूर्ण दगडाला टेकली होती. सांगावं का? सांगून काय सांगावं? की बाबांनो, उठा, इथे आमच्याकडच्या रोगाने गेलेली तुमची माणसं आहेत? मी पलीकडच्या दगडाशी उकिडवी बसले, पिशवीच्या तळातून रुमाल काढला. पराठा कडक झाला होता, कडा उचललेल्या. त्याचा एक तुकडा मोडून दगडाच्या पायथ्याशी ठेवला. दहीभात नव्हता, काय करणार. दुसरा ठेवला. का दोन, हे त्या क्षणी मी स्वतःला विचारलं नाही.

तटावरून एक जॅकडॉ उतरला. इथला कावळाच तो, आपल्या कावळ्यापेक्षा लहान, मानेवर राखाडी शाल, डोळा पांढरा. तो दोन उड्या मारत माझ्या दगडाशी आला, मान तिरकी करून पराठ्याकडे पाहिलं, एकदा या डोळ्याने, एकदा त्या. मी श्वास रोखून धरला. घाटावर माणसं धरतात तसा. त्याने चोच खाली नेली, मेथीचा वास घेतल्यासारखं केलं, आणि वळून सरळ त्या पोरांकडे गेला. पोरीने हसून त्याला एक चिप टाकली. त्याने ती तिथल्या तिथे खाल्ली, दुसरी मागितली.

यॉर्कशरचीच माणसं ती. मेथीचं त्यांना काय.

पाचच्या गाडीला खिडकीची जागा मिळाली.